माझ्या बाजूच्या ओळी

"उभ्या राहा आणि काम दाखवा," असं मास्तर म्हणाले. मी उठले, तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. मांडीवर घेऊन शिवता शिवता मी तिला अंगातल्या कुडत्याशी शिवून टाकलं होतं. एक-दोन टाके असते तर गोष्ट वेगळी, चांगली वीतभर ओळ होती. वर्गातल्या अकरा बायका खो खो हसल्या. मास्तर हसले नाहीत. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून त्यांच्यातलं हसू केव्हाच संपलं होतं.

"बाई, गोधडी पांघरायची असते," ते म्हणाले. "घालायची नसते."

आणखी एक जण हसली नाही, ती म्हणजे धाकटी. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका सोडवायला लागली.

"हलू नका हं जाऊबाई, कापडाला भोक पडेल."

त्यापेक्षा ती हसली असती तर मला परवडलं असतं.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. घरात सगळेच तिला धाकटी म्हणतात, आता तिची पन्नाशी उलटली तरी. दोघे भाऊ एकाच घरात राहतात. आम्ही वर, ती दोघं खाली. तिच्यात वाईट काय आहे असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. तीच तर पंचाईत आहे. भांडखोर असती, आळशी असती, निदान चहा तरी पाणचट करत असती, तर मी तिच्यावर सुखाने जळले असते. अशा भल्या बाईवर जळायचं म्हणजे स्वतःच्याच मनात चोरी करायची. तरी मी जळते. तीस वर्षं जळतेय आणि एवढ्या सरावाने त्यात तरबेज झालेय.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी. माझी लेक ठमी चार महिन्यांची झाली आणि मी कामावर गेले. ठमी खाली धाकटीच्या मांडीवर वाढली. धाकटीला मूल झालं नाही. लोक म्हणायचे, देवाने तिला दिलं नाही, पण थोरलीचं अर्धं दिलं. अर्धं कसलं! ताप आला की पोरगी "काकू, काकू" करायची. पहिला स्वेटर काकूचा. शाळेच्या नाटकातला परीचा झगा काकूचा. लग्नातला भरतकामाचा रुमालसुद्धा काकूचा, तो अजून तिच्या कपाटात घडी घालून ठेवलाय. माझ्या हातचं त्या पोरीकडे काय आहे? काही नाही. कमावलं मी, फिया मी भरल्या, पण हातचं म्हणून दाखवावं असं काही नाही.

म्हणून ठमीला सातवा महिना लागला त्या आठवड्यात मी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या गोधडीच्या वर्गात नाव घातलं. येणाऱ्या बाळाच्या अंगावर पहिलं पांघरूण पडेल ते माझ्या हातचं असेल, एवढंच मला हवं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण घरात गुपित ते किती राहणार? जिन्यात धाकटी भेटली.

"जाऊबाई, गोधडीच्या वर्गाला जाताय म्हणे? मीही येऊ का? मला कधी नीट शिकवलंच नाही कुणी."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "ये की" म्हणाले.

तिला म्हणे नीट कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मास्तर तिचा तुकडा हातात धरून खिडकीशी गेले, उजेडात उलटसुलट केला आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "हा टाका बघा. तांदळाच्या दाण्याएवढा. वरून दिसतो तसाच खालून. असा हवा." मग माझा तुकडा उचलला. "आणि हे," म्हणाले, "आपण अजून शिकतोय." माझ्या टाक्यांमधून कोंबडी आरामात आत-बाहेर करू शकली असती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बरं, नुसत्या टाक्यांचं असतं तर ठीक. सुईत दोरा ओवताना मी चष्मा लावून, डोळा बारीक करून, दोरा चाटून बेजार व्हायचे. गाठ मारली की ती कापडातून निसटायची. मोठी मारली की वरच मण्यासारखी बसायची. सुई ढकलायला अंगठीच्या बोटात घालायची टोपी मी पहिले दोन आठवडे अंगठ्यात घालत होते. ते कुणी सांगितलं? धाकटीनेच. हळूच कानात, कुणाला कळणार नाही असं.

महिन्याभराने तुकड्यांचं शिक्षण संपलं. मास्तर म्हणाले, आता प्रत्येकीने एक पुरी गोधडी करायची, पण दोघी-दोघींनी मिळून.

"मी एकटी करीन," मी म्हणाले.

"एकटीने केलीत तर ती तुमचं नातवंड शाळेत जाताना दप्तरावर टाकायला उपयोगी पडेल," मास्तर म्हणाले. "तुम्ही दोघी एका घरातल्या. बसा समोरासमोर."

त्यांची पद्धत अशी होती. थर जुळवून झाले की मधोमध खडूने एक रेघ मारायची. दोघींनी त्या रेघेपासून सुरुवात करायची आणि ओळीमागून ओळ घालत आपापल्या काठाकडे यायचं. काठापासून आत गेलं तर मधे कापडाचा फुगा येतो, तो मग कशानेच बसत नाही. अर्धी गोधडी एकीची, अर्धी दुसरीची. मला वाटलं, चला, पुरी नाही तर अर्धी. अर्ध्याचीही सवय आहे मला.

वरच्या माझ्या घरात मोठं टेबल नाही. गोधडी खाली धाकटीच्या जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली. दुपारी दोन ते चार मी खाली जायचे. समोरासमोर बसून आम्ही शिवायचो. तिची सुई नुसती सरकायची, एकेका दमात पाच-पाच टाके घ्यायची. माझी सुई दर टाक्याला विचार करायची. चार वाजता मी वर यायचे तेव्हा माझी एक ओळ झालेली असायची, तीही लंगडत लंगडत.

पण एक गंमत व्हायला लागली. आदल्या दिवशी वाकडी वाटलेली ओळ दुसऱ्या दिवशी बरी दिसायची. मी चष्मा पुसून पाहायचे. खरंच बरी! टाके बारीक, रेघ सरळ.

"धाकटे, काल ही ओळ अशी होती का गं?"

"अशीच होती की. ताज्या नजरेने बघितलं की कळतं," ती सुईवरची नजर न काढता म्हणायची. "आणि मास्तर म्हणालेत ना, टाका मुरू द्यावा."

मुरू द्यावा, असं मास्तर खरंच म्हणाले होते. मी विश्वास ठेवला. ठेवायलाच मला हवा होता. पंधरा दिवसांत मला माझाच हात आवडायला लागला. भीती गेली तसं दोरा ओवणं जमायला लागलं, गाठ थरांच्या आत जाऊन बसायला लागली. एका शुक्रवारी आम्ही गोधडी वर्गात नेली. मास्तरांनी माझ्या बाजूवरून बोटं फिरवली. मग धाकटीच्या बाजूवरून. मग पुन्हा माझ्या.

"बाई," ते म्हणाले, "एवढी सुधारणा मी कुणात पाहिली नाही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळ्या बायकांदेखत! येताना वाटेत मी धाकटीला म्हणाले, "तुझ्या मधल्या दोन ओळी जरा ओढल्यासारख्या दिसतात, बघ." ती म्हणाली, "हो ना, सोडवते मी." आणि मी रस्ताभर गाणं गुणगुणत आले. किती मूर्ख असावं माणसाने!

पुढच्या बुधवारी मी खाली गेले तर धाकटी दिराबरोबर दवाखान्यात गेली होती, त्याचे डोळे तपासायला. किल्ली आमच्याकडे असतेच. मी एकटीच बसले. अर्ध्या ओळीत पांढरा दोरा संपला. तिचा डबा उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून वर जाऊन माझ्या बटणांच्या डब्यातलं रीळ आणलं. तो दोरा पांढरा नव्हता, सायीच्या रंगाचा होता. म्हटलं, कुणाला कळतंय, उद्या धाकटीला सांगून बदलू. ओळ पुरी केली. मन लावून केली.

गुरुवारी खाली आले, बसले, चष्मा लावला. ओळ पांढरीशुभ्र होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या बारीक टाक्यांच्या मधेमधे माझ्या जुन्या टाक्यांची भोकं होती, लांब लांब. मग वरची ओळ पाहिली. तिथेही भोकं. तिच्या वरची, तिच्याही वरची. ताजी नजर! मुरलेला टाका! धाकटी आतून चहा घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघून कप हातातच धरून उभी राहिली.

"किती ओळी?" मी विचारलं.

"काय, जाऊबाई?"

"वेड पांघरू नकोस. मी काल सायीच्या रंगाच्या दोऱ्याने शिवलं होतं. किती ओळी उसवल्यास माझ्या?"

तिने कप टेबलावर ठेवला. "पहिल्या दोन तुमच्याच आहेत." मग एका ओळीवर बोट ठेवून, "म्हणजे... एक."

"चौदा ओळींत एक?"

"तुम्ही वर्ग सोडून द्याल असं वाटलं मला. इथे दुसऱ्याच दिवशी तुम्ही सुई टेबलावर टाकून उठलात ना. म्हटलं, जरा बरं दिसलं की हुरूप येईल. आणि आला की नाही?"

"म्हणजे मास्तरांनी माझं कौतुक केलं ते तुझ्या टाक्यांचं! आणि मी सगळ्यांसमोर मिरवत होते, आयत्या बिळावर नागोबा होऊन! आणि तू गंमत बघत होतीस?"

"गंमत नाही हो."

"मग काय? दया? की हेही तुलाच हवंय? स्वेटर तुझा, झगा तुझा, पोरगी तुझी. आता तिच्या बाळाची अर्धी गोधडी माझी, तर तेवढीही तुला बघवली नाही. हपापलेली आहेस तू, धाकटे!"

आजवर मी असं बोलले नव्हते. तीस वर्षं पोटात होतं ते एका दमात बाहेर आलं. धाकटी खुर्चीवर बसली. आवाज नेहमीसारखाच होता.

"तुम्हाला सवय माहीत नाही माझी. मी तेव्हाही असंच करायचे."

"तेव्हा म्हणजे?"

"ठमीच्या वेण्या. सकाळपाळीला निघायच्या आधी तुम्ही घालायचात ना, घाईघाईत. एक वर, एक खाली, भांग वाकडा. तुम्ही गेलात की ती खाली यायची. मी त्या सोडून पुन्हा घालायचे."

मला शाळेतली पालकसभा आठवली. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, नोकरी करूनसुद्धा या आईने मुलीच्या वेण्या किती सुरेख घातल्यात बघा. त्या एका वाक्यावर मी कितीतरी रातपाळ्या काढल्या होत्या.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"ठमीनेच शपथ घातली होती. म्हणायची, काकू, सरळ कर, पण आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. सात वर्षांची होती." धाकटीने नाक पुसलं. "तुम्ही म्हणता पोरगी माझी. संध्याकाळी जिन्यात तुमचं पाऊल वाजलं की ती माझ्या मांडीवरून उठून पळायची. एकदाही मागे बघायची नाही. दिवसभर मी केलेलं सगळं तिथेच टाकून. मला काय वाटत असेल? मीही माणूसच आहे. तुमच्या वाकड्या वेण्यांवर जळायचे मी."

त्यावर काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. कथेतल्या जावा असत्या तर गळ्यात पडून रडल्या असत्या. मी गोधडी गोळा केली, टाचण्यांसकट, आणि वर निघून आले. चहा तसाच राहिला.

वर येऊन पलंगावर पसरली आणि माझ्या बाजूच्या तेरा ओळी उसवल्या. टाका बारीक असला की उसवणं किती जिवावर येतं ते तेव्हा कळलं. शिवताना ती कशी बसली असेल, कोणत्या वेळी, पाठ दुखली असेल का, हे सगळं मनात येत होतं आणि मी ते हाकलून लावत होते. नवरा दारात येऊन म्हणाला, "शिवायचा वर्ग आहे की उसवायचा?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेपर घेऊन गच्चीत गेला.

मग रोज शिवायला बसले. खाली गेले नाही. पहिली ओळ घालून झाली, तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाहिली. ती आदल्या दिवशी होती तशीच होती, जरा डावीकडे झुकलेली. आता मला माहीत होतं की रात्रीत कुणी काही करणार नाही. पण खरं सांगायचं तर ती ओळ पूर्वीसारखी भयंकर नव्हती. कोंबडी नक्कीच गेली नसती. आपल्याला येतं, अशा खोट्या भरवशावर का होईना, हात तीन आठवडे चालला होता आणि चालता चालता खरंच थोडा वळला होता. याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मला कळत होतं. मी दिलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी गोधडी वर्गात नेली, एकटीने. मास्तरांनी बोटं फिरवली आणि थांबले.

"हा टाका कुणाचा?"

"माझा."

"दिसतंय," ते म्हणाले. पुन्हा वाकले. "तांदूळ नाही. गहू म्हणता येईल. पण ओळ कुठे सुटलेली नाही. धुतली तरी उसवणार नाही."

"चालेल?"

"बाळाला काय कळतंय, बाई. ऊब लागली म्हणजे झालं."

मला त्या आधीच्या कौतुकापेक्षा हे जास्त आवडलं. घरी सांगायला पळत आले आणि जिन्यात आल्यावर लक्षात आलं की सांगायचं ते ज्या माणसाला, त्याच्याशी तर माझं बोलणं बंद आहे.

धाकटीने मात्र अबोला धरला नाही. रोज सकाळी खालून हाक यायची, "जाऊबाई, दूध आलंय." तिच्या बाजूच्या चार ओळी राहिल्या होत्या. मी गोधडी खाली नेऊन ठेवली, काही न बोलता. संध्याकाळी ती जिन्यात घडी घालून ठेवलेली मिळाली, चार ओळी पुऱ्या करून. माझ्या बाजूला तिने बोट लावलं नव्हतं. मी एकेक ओळ तपासली, मला लाज नाही.

चारी बाजूंची किनार तेवढी राहिली होती आणि पंधरा दिवस हातात होते. पण बाळं कुणाच्या हिशेबाने येतात? सकाळी अकराला जावयाचा फोन आला, ठमीला ॲडमिट केलंय. मी गोधडी पिशवीत कोंबली, सुईदोऱ्यासकट, आणि खाली उतरले तर धाकटी चपला घालून दारात उभी होती. तिला काय सांगणार, तू येऊ नकोस म्हणून? रिक्षात आम्ही दोघी दोन्ही टोकांना बसलो.

दवाखान्याच्या बाकावर मी किनार शिवायला घेतली. जावई कागदपत्रांसाठी वरखाली करत होता. आतून मधूनच ठमीचा आवाज यायचा आणि माझा टाका चुकायचा. सुई बोटात जात होती. धाकटी शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होती. तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती, टाका घालावा तशी.

"द्या, मी घालू का थोडं?" ती अखेर म्हणाली.

"नको."

"बरं."

तिने हात ओढणीत गुंडाळून घेतले, जणू ते तिचं ऐकणार नव्हते. तीन बाजू झाल्या, चौथीही होत आली. मी शेवटची गाठ आत ओढून दोरा तोडला आणि तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाळाला घ्यायला काही आणलंय का घरचं? आमच्या चादरी आज सगळ्या धुलाईला गेल्यात."

मी उठून गोधडी पुढे केली. तिने ती उलगडली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिथे अर्धी गोधडी गव्हाची होती आणि अर्धी तांदळाची, कुणाच्याही डोळ्यांना दिसेल अशी. पण तिला वेळ नव्हता.

"अगंबाई, हाताने शिवलेली! कुणी केली?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "हिच्या आजीने." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"सगळी?"

"हो, सगळी."

"कमाल आहे हो आजी," नर्स मला म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "आणि तुम्ही बाळाच्या कोण?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मला बोलायला तेवढा वेळ पुरला असता. अर्धी हिची आहे. बाळाची आई अर्धी हिची आहे. यातलं काहीही बोलता आलं असतं. पण माझ्या छातीत नुसता आनंद मावत नव्हता. सगळी माझी. एकदा तरी सगळी माझी.

"मी यांच्या सोबत आलेय," धाकटी म्हणाली.

नर्स गोधडी घेऊन आत गेली आणि दार लागलं. आतून बारीक रडणं ऐकू आलं, मग ते थांबलं. आता माझ्या तोंडातून शब्द फुटले. "धाकटे," मी म्हणाले आणि वळले, तर ती बाकावर नव्हती. ती गुडघ्यांवर बसून बाकाखाली हात फिरवत होती.

"तुमच्या हातून सुई पडली, जाऊबाई," ती खालूनच म्हणाली. "तुम्ही पाय उचलून बसा. मी शोधते."